गुंतागुंतीची पेशी आली कुठून? मला गिळण्याची गोष्ट का पटत नाही

प्रश्न असा आलाय: शाळेत आपण शिकतो की एका मोठ्या पेशीने एक बॅक्टेरिया गिळला, तो पचला नाही, आतच राहिला आणि त्याचा मायटोकाँड्रिया झाला. मग ती गिळणारी पेशी नेमकी कोण होती, बॅक्टेरिया पचला का नाही, आणि एवढ्या अब्जावधी वर्षांत हे एकदाच का झालं? तिन्ही शंका रास्त आहेत, कारण शाळेतलं ते चित्र जिथे कच्चं आहे नेमक्या तिथेच त्या बोट ठेवतात. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि ऑक्सिजन न चालणाऱ्या जीवांवर बरीच वर्षं काम केलंय, म्हणून माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून टाकतो. मला गिळण्याची गोष्ट पटत नाही. दोन अगदी वेगळ्या कुळातले सूक्ष्मजीव फार मोठा काळ एकमेकांना चिकटून जगले, एकाने बाहेर टाकलेलं दुसऱ्याच्या कामी येत होतं, आणि त्या देवाणघेवाणीत एक दुसऱ्याच्या आत गेला, असं मी मानतो. का मानतो ते आता नीट सांगतो, थोडं लांबेल.

पहिला भाग पटकन उरकतो कारण त्यावर आता वाद उरलेला नाही. मायटोकाँड्रिया एकेकाळी स्वतंत्र बॅक्टेरिया होता हे नक्की. त्याच्याकडे स्वतःचा गोल डीएनए आहे, माणसात त्याची लांबी १६,५६९ अक्षरं आणि त्यावर ३७ जनुकं. त्याला दोन पडदे आहेत, आतल्या पडद्यात कार्डिओलिपिन नावाचा स्निग्ध पदार्थ आहे जो बॅक्टेरियाच्या पडद्यात सापडतो, आणि पेशी मायटोकाँड्रिया शून्यातून बनवू शकत नाही, आधीच्याचे दोन होऊनच नवा येतो. पण मला विचाराल तर सगळ्यात ठोस उदाहरण औषधांचं आहे. रेझिस्टंट टीबीच्या पेशंटला लिनेझोलिड देतात. हे औषध टीबीच्या जंतूचं रायबोझोम, म्हणजे जिथे प्रथिनं तयार होतात ती जागा, बंद पाडतं. आपल्या पेशीतल्या नेहमीच्या रायबोझोमला ते हात लावत नाही म्हणून तर ते देता येतं. तरी काही आठवडे-महिने चालू राहिलं की बऱ्याच पेशंटच्या पायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, रक्तातल्या पेशी कमी होतात, कधी डोळ्याच्या नसेवर परिणाम होतो, म्हणून डॉक्टर अधूनमधून रक्त आणि डोळे तपासायला लावतात. हे का होतं, तर मायटोकाँड्रियाचं स्वतःचं जे रायबोझोम आहे ते बॅक्टेरियाच्या रायबोझोमशी इतकं मिळतंजुळतं आहे की औषध तिथेही जाऊन बसतं. स्ट्रेप्टोमायसिन-जेन्टामायसिनच्या गटातल्या औषधांचं पण तसंच. काही कुटुंबांत आईकडून आलेल्या मायटोकाँड्रियाच्या डीएनएमध्ये १५५५ क्रमांकाच्या जागी एक अक्षर बदललेलं असतं, त्या एका बदलाने रायबोझोमचा तो भाग बॅक्टेरियासारखा आणखी होतो आणि अशा माणसाला ते औषध दिलं की कान जाऊ शकतात. अब्जावधी वर्षांपूर्वीचं नातं आज वॉर्डमध्ये दिसतं, याहून सरळ पुरावा कुठला हवा?

ही कल्पना तशी जुनी. रशियाच्या कॉन्स्टँटिन मेरेशकोव्स्कीने १९०५ मध्ये हरितलवकाबद्दल हेच म्हटलं होतं, अमेरिकेत आयव्हन वॉलिनने १९२७ मध्ये मायटोकाँड्रियाबद्दल, आणि दोघांचंही कुणी मनावर घेतलं नाही. मग लिन मार्ग्युलिस यांनी सगळा पुरावा एकत्र करून १९६७ मध्ये मोठा लेख छापला, त्याआधी तो पंधराएक जर्नलांनी परत पाठवला होता असं त्या सांगत. पुढे ७० च्या दशकात रायबोझोमच्या आरएनएची अक्षरं ताडून बघता यायला लागली आणि हरितलवक सायनोबॅक्टेरियाचे, मायटोकाँड्रिया अल्फाप्रोटिओबॅक्टेरियाचे नातेवाईक हे दिसलंच. मार्ग्युलिस यांचं एक म्हणणं मात्र टिकलं नाही, पेशीच्या शेपट्यासुद्धा आत आलेल्या बॅक्टेरियापासून बनल्या हे. त्याला काही आधार सापडला नाही.

आता खरा प्रश्न, यजमान कोण, म्हणजे तो बॅक्टेरिया ज्याच्या आत गेला तो जीव कोण?

इथे बहुतेकांच्या डोक्यात असं चित्र असतं की अमिबासारखी एक मोठी पेशी होती, केंद्रक वगैरे सगळं तयार, फक्त मायटोकाँड्रिया नव्हता, आणि तिने तो गिळला. हे चित्र कुणी उगाच काढलेलं नव्हतं. १९८० च्या दशकात टॉम कॅव्हेलियर-स्मिथ यांनी मांडलं की जिआर्डिया, ट्रायकोमोनास, मायक्रोस्पोरिडिया असे जे केंद्रक असलेले पण मायटोकाँड्रिया नसलेले जीव आहेत ते त्या जुन्या काळाचे वारसदार आहेत, गिळण्याच्या आधीच्या अवस्थेतले. सुरुवातीच्या जनुकीय वंशवृक्षातसुद्धा हे जीव अगदी बुंध्याजवळ बसायचे. जिआर्डिया म्हणजे तोच, दूषित पाण्यातून जाऊन जुलाब करणारा, पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्टूलच्या स्लाइडवर दोन डोळ्यांच्या चेहऱ्यासारखा दिसणारा. खूप सुंदर कल्पना होती. पण ९० च्या दशकात एकेका जीवात मायटोकाँड्रियाची जनुकं सापडायला लागली, आणि २००३ मध्ये जिआर्डियाच्या पेशीतच मायटोकाँड्रियाचे अगदी बारके अवशेष दाखवले गेले, त्यांना मायटोझोम म्हणतात. ते ऊर्जा बनवत नाहीत, डीएनएही उरलेला नाही, फक्त लोह आणि गंधकाचे छोटे पुंजके बनवून प्रथिनांना पुरवणं एवढंच काम. म्हणजे जिआर्डियाकडे मायटोकाँड्रिया होता आणि तो आटत गेला. ज्याच्याकडे खरंच काहीच नाही असा पहिला जीव सापडला तो मोनोसर्कोमोनॉइड्स, चिंचिला नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या आतड्यातला, २०१६ चं काम आहे ते. पण त्याचेसुद्धा पूर्वज मायटोकाँड्रियावालेच, त्याने लोह-गंधकाचं काम करणारी जनुकं दुसऱ्या बॅक्टेरियाकडून मिळवली आणि मग मायटोकाँड्रिया गमावला.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. आज जिवंत असलेल्या सगळ्या केंद्रकवाल्या पेशी, म्हणजे आपण, पिंपळ, यीस्ट, अमिबा, मलेरियाचा परजीवी, सगळ्यांच्या सामायिक पूर्वजाकडे मायटोकाँड्रिया होता. केंद्रक आहे पण मायटोकाँड्रिया कधी आलाच नाही असा एकही वंश सापडत नाही. गिळणारी मोठी पेशी आधी होती या म्हणण्याचा मुख्य आधार तिथेच गेला.

दुसरीकडून वेगळंच काही पुढे येत होतं. १९७७ मध्ये कार्ल वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवलं की ज्यांना आपण सरसकट बॅक्टेरिया म्हणतो त्यात एक पूर्ण वेगळं कुळ आहे, आर्किया. दिसायला बॅक्टेरियासारखे बारके, केंद्रक नाही, पण आतली यंत्रणा निराळी. आणि आपल्या केंद्रकातली जनुकं तपासली तर त्यात दोन गठ्ठे दिसतात: डीएनएची कॉपी काढणं, तो वाचणं, प्रथिनं बनवणं ही कामं करणारी जनुकं आर्कियाच्या वळणाची, आणि अन्न तोडणं, स्निग्ध पदार्थ बनवणं अशी रोजची रसायनं चालवणारी बहुतांश जनुकं बॅक्टेरियाच्या वळणाची. दोन कुळांचं रक्त एकाच पेशीत. म्हणजे यजमान आर्किया असणार हे बऱ्याच जणांना वाटत होतं, पण कुठला आर्किया, ते सापडत नव्हतं.

ते सापडलं २०१५ मध्ये. नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या मधल्या समुद्रात, सुमारे २,३०० मीटर खोल, लोकीज कॅसल नावाचा उष्ण झऱ्यांचा परिसर आहे. त्याच्यापासून थोड्या अंतरावरच्या गाळातून स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या थिस एत्तेमा यांच्या गटाने डीएनए काढला, त्यातून एका अनोळखी आर्कियाचा जीनोम, म्हणजे पूर्ण डीएनए, जुळवला आणि त्याला लोकीआर्किया नाव दिलं. त्यात जी जनुकं निघाली ती बघून आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी तोंडात बोट घातलं. पेशीला आकार देणाऱ्या ॲक्टिनच्या जवळची प्रथिनं, पडदे वाकवून तोडणारी एस्कॉर्ट यंत्रणेची प्रथिनं, आतली वाहतूक नियंत्रित करणाऱ्या छोट्या जीटीपेज प्रथिनांची भलीमोठी फौज, ही सगळी तोपर्यंत आम्ही फक्त केंद्रकवाल्या पेशींची खासियत समजत होतो. पुढे त्याचे भाऊबंद मिळाले, थोर, ओडिन, हाइमडाल, नॉर्स देवांची नावं चालू झाली आणि पूर्ण गटालाच अस्गार्ड म्हणायला लागले. २०२३ च्या मोठ्या तुलनेत तर आपण अस्गार्डचे नुसते शेजारी नाही, त्यांच्या झाडाच्या आतलीच एक फांदी निघालो, होडआर्किएल्स नावाच्या उपगटाला सगळ्यात जवळची.

पण हे सगळं डीएनएच्या तुकड्यांवरून. जीव कुणी पाहिलाच नव्हता, आणि हे नमुन्यांच्या भेसळीतून आलंय असं म्हणणारे अभ्यासक पण होते, त्यांची शंका चुकीची नव्हती कारण गाळातल्या हजारो जीवांच्या डीएनएतून एकाचा जीनोम जुळवताना अशी गडबड होऊ शकते. त्याचं उत्तर जपानमधून आलं आणि ते काम मला या सगळ्या विषयातलं सगळ्यात थोर काम वाटतं. हिरोयुकी इमाची आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये शिनकाई ६५०० या पाणबुडीने नानकाई खंदकाजवळच्या ओमिने कड्यावरून, २,५३३ मीटर खोलीवरून, गाळ आणला. तेव्हा अस्गार्ड हे नावसुद्धा अस्तित्वात नव्हतं, त्यांना गाळातले मिथेनशी संबंधित जीव वाढवायचे होते. त्यांनी काय केलं, तर पॉलियुरेथेनच्या स्पंजचे तुकडे उभ्या नळीत टांगले, त्यात गाळ मुरवला, वरून मिथेन आणि अगदी थोडं अन्न असलेलं पाणी थेंबथेंब सोडत राहिले, ऑक्सिजन शून्य, तापमान १० अंश. २,००० पेक्षा जास्त दिवस. मग त्यातला थोडा थोडा माल छोट्या काचेच्या नळ्यांत घालून अमिनो आम्लं, बाळाच्या दुधाची पावडर, अँटिबायोटिक असं एकेक घालून बाकीचे जीव मागे पाडत गेले. ज्यांनी कधी कल्चर लावलंय त्यांना पुढचा आकडा कळेल: आतड्यातला ई. कोलाय चांगल्या अन्नात वीस मिनिटांत दुप्पट होतो, हा जीव दुप्पट व्हायला १४ ते २५ दिवस घेतो, आणि नव्या नळीत घातल्यावर आधी महिना-दोन महिने काहीच हालचाल नाही. आपल्याकडे असं कल्चर तिसऱ्या आठवड्यात 'नो ग्रोथ' लिहून सिंकमध्ये गेलं असतं. एकूण बारा वर्षांनी तो हाती आला, २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केलं आणि २०२० च्या जानेवारीत रीतसर छापलं. नाव प्रोमिथिओआर्कियम सिंट्रोफिकम.

तो दिसायला कसा निघाला हे महत्त्वाचं. अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचा एक साधा गोळा, आत केंद्रक नाही, कप्पे नाहीत, काहीच नाही. पण वाढ मंदावली की त्याच्या अंगातून लांब लांब फांद्या निघतात, पुढे दुभंगणाऱ्या, शेजारच्या पेशींच्या मधून पसरणाऱ्या. आणि तो एकटा वाढतच नाही. अमिनो आम्लं तोडताना तो हायड्रोजन आणि फॉर्मेट बाहेर टाकतो, आणि ते साचलं तर त्याची स्वतःची रासायनिक क्रिया अडते, म्हणून ते उचलणारा एक मिथेन बनवणारा आर्किया त्याला कायम सोबत लागतो. पुढे ऑस्ट्रियात व्हिएन्ना विद्यापीठात क्रिस्टा श्लेपर यांच्या गटाने स्लोव्हेनियातल्या पिरान इथल्या किनाऱ्याच्या गाळातून दुसरा एक लोकीआर्किया वाढवला आणि झुरिकच्या सहकाऱ्यांबरोबर त्याचे गोठवलेल्या अवस्थेतले त्रिमितीय फोटो काढले, त्यात त्या फांद्यांच्या आत ॲक्टिनचे धागे स्पष्ट दिसले. म्हणजे जनुकं भेसळीची नव्हती, आणि ती कामालाही लागलेली आहेत.

हे फोटो बघितल्यावर तुम्हीच सांगा, हा अर्ध्या मायक्रॉनचा जीव स्वतःच्याच मापाचा बॅक्टेरिया कसा गिळणार? गिळायला पेशी मोठी लागते, पडदा झपाट्याने वाकवायला भरपूर ऊर्जा लागते, आत पचनाचे कप्पे लागतात. पण फांद्यांनी शेजाऱ्याला वेढून घेणं, त्याच्याशी स्पर्शाचं क्षेत्रफळ वाढवत नेणं, आणि शेवटी फांद्या एकमेकींना जुळून शेजारी आत राहणं, हे त्याला जमण्यासारखं आहे. इमाची यांनी असंच सुचवलंय. त्याच्याही आधी, २०१४ मध्ये, डेव्हिड बॉम आणि बझ बॉम यांनी म्हटलं होतं की मूळ आर्कियाची पेशी म्हणजेच आजचं केंद्रक, आणि बाहेर फुटलेल्या फांद्यांच्या फुगवट्यांपासून बाकीची पेशी बनली, म्हणजे पेशी आतून बाहेर वाढली. तेव्हा अस्गार्ड माहीतच नव्हते. त्यांच्या कल्पनेतला केंद्रकाचा भाग बरोबर निघेल की नाही यावर मी पैज लावणार नाही, पण फांद्यांचा भाग त्यांनी नेमका पकडला होता.

आता ही देवाणघेवाण म्हणजे नक्की काय ते बघायचं असेल तर खोल समुद्रात जायची गरज नाही, गाईच्या कोटीपोटातला रस पुरेसा आहे. तो थर्मासमध्ये तोंडापर्यंत भरून आणायचा, मध्ये हवा ठेवायची नाही आणि ३९ अंशांच्या खाली जाऊ द्यायचा नाही, नाहीतर लॅबमध्ये पोचेपर्यंत त्यातले सिलिएट मरतात आणि स्लाइडवर नुसता चोथा दिसतो. नीट आणला तर एका थेंबात केसाळ, भरभर फिरणारे मोठाले एकपेशीय जीव दिसतात, तेच सिलिएट. त्यांच्याकडे ऑक्सिजन वापरणारा मायटोकाँड्रिया नाही, त्याऐवजी हायड्रोजेनोझोम आहे, जो अन्न तोडून हायड्रोजन सोडतो. मग फ्लोरोसन्स मायक्रोस्कोपवर जांभळा प्रकाश टाकायचा. काही सिलिएटच्या अंगावर आणि अंगात निळसर-हिरवे ठिपके चमकायला लागतात. ते मिथेन बनवणारे आर्किया, त्यांच्यातल्या एफ-४२० नावाच्या सहविकरामुळे (विकराला मदत करणाऱ्या रेणूमुळे) ते आपोआप चमकतात, रंग घालावा लागत नाही. एक हायड्रोजन सोडतोय, दुसरा तो लगेच उचलतोय, म्हणून पहिल्याचं काम अडत नाही. विद्यार्थ्यांना हे दाखवताना मी नेहमी जास्त वेळ देतो, कारण सगळा विषय त्या एका थेंबात आहे. आणि हायड्रोजेनोझोम हा बदललेला मायटोकाँड्रियाच आहे, झुरळाच्या आतड्यातल्या निक्टोथेरस नावाच्या सिलिएटच्या हायड्रोजेनोझोममध्ये तर अजून मायटोकाँड्रियाचा डीएनए शिल्लक आहे.

याच निरीक्षणांवरून विल्यम मार्टिन आणि मिक्लोश म्युलर यांनी १९९८ मध्ये हायड्रोजन हायपोथेसिस मांडली: यजमान हायड्रोजनवर जगणारा आर्किया, पाहुणा हायड्रोजन सोडणारा बॅक्टेरिया, यजमान त्याला बिलगत गेला. मला ती वाचताक्षणी पटली होती आणि गाभा अजूनही पटतो. पण तिचा तपशील आज बदलावा लागतो हे कबूल करायला हवं, कारण प्रोमिथिओआर्कियम हायड्रोजन खात नाही, तो सोडतो. त्यामुळे आता काही जण प्रवाह उलटा धरतात, यजमान सोडणारा आणि बॅक्टेरिया उचलणारा. शिवाय हाइमडालच्या काही जातींत ऑक्सिजन वापरणारी जनुकं सापडलीत, म्हणजे यजमान थोडाफार ऑक्सिजन सहन करत असेल. दिशा कुठलीही असो, दोघांना बांधणारी गोष्ट अन्नाची साखळी होती, यावर मी ठाम आहे.

मग पचला का नाही, याचं उत्तर आलंच: पचवणारी यंत्रणा तेव्हा बहुधा नव्हतीच. पण विरुद्ध बाजूचा मुद्दाही सांगतो. २०१९ मध्ये जपानच्याच संशोधकांनी प्लँक्टोमायसीट गटातला एक बॅक्टेरिया दाखवला, उआब नावाचा, जो दुसऱ्या बॅक्टेरियांना खरोखर गिळतो. त्यामुळे केंद्रक नसलेल्या पेशीला गिळणं अशक्यच आहे असं आता कुणी म्हणू नये. आणि न गिळता आत जाता येतं का, तर येतं. द्राक्ष किंवा लिंबूवर्गीय बाग असलेल्यांना पिठ्या ढेकूण माहीत आहे, पांढरा कापसासारखा, घडाला चिकटणारा. त्यातल्या प्लॅनोकोकस सिट्री जातीच्या पेशींत ट्रेम्ब्लाया नावाचा बॅक्टेरिया राहतो आणि त्या बॅक्टेरियाच्या आत मोरानेला नावाचा आणखी एक बॅक्टेरिया राहतो. बॅक्टेरियात बॅक्टेरिया, कुणी कुणाला खाल्लं नाही, आणि तिघं मिळून अमिनो आम्लं बनवण्याची कामं वाटून घेतात, एकाकडे नाही ती पायरी दुसरा करतो. तिसरा मार्ग घुसखोरीचा. अमेरिकेत क्वांग जिऑन यांच्या प्रयोगशाळेतल्या अमिबांना १९६६ मध्ये बॅक्टेरियाची लागण झाली, बहुतेक अमिबा मेले, वाचलेले त्यांनी जपले, आणि काही वर्षांत ते अमिबा त्या बॅक्टेरियाशिवाय जगेनासे झाले. ज्या जंतूने मारलं त्याच्यावाचून अडायला लागलं, तेही माणसाच्या नोकरीच्या काळात!

आत गेल्यावरचं काम मात्र सगळ्यात लांबलं असणार, आणि माझ्या मते खरी उत्क्रांती तिथे झाली. पाहुण्याची जनुकं हळूहळू यजमानाच्या डीएनएमध्ये गेली, गावागावातली जमिनीची दप्तरं एकेक करून तालुक्याला जमा व्हावीत तशी. पाहुण्याची एखादी पेशी फुटली की तिचा डीएनए तिथेच सुटतो आणि एखादा तुकडा यजमानाच्या डीएनएत चिकटतो, उलट दिशेने सहसा जात नाही कारण यजमान फुटला तर सगळंच संपलं. हे अजूनही चालू आहे, माणसाच्या केंद्रकात मायटोकाँड्रियाच्या डीएनएचे शेकडो तुकडे इकडेतिकडे पडलेले आहेत. आपल्या मायटोकाँड्रियात सुमारे १,१०० प्रकारची प्रथिनं लागतात, त्यातली तो स्वतः फक्त १३ बनवतो, बाकी सगळी बाहेर बनून पत्ता लिहिलेल्या शेपटीसकट आत पाठवली जातात आणि त्यासाठी दोन्ही पडद्यांत टॉम आणि टिम नावाची दारं बसवलेली आहेत. रेक्लिनोमोनास नावाच्या गोड्या पाण्यातल्या एका जीवाच्या मायटोकाँड्रियात अजून ९७ जनुकं आहेत, १९९७ मध्ये ती वाचली गेली, जवळपास लघुरूप बॅक्टेरियाचाच जीनोम. जोवर ही दारं नव्हती तोवर तो आतला पाहुणा होता, दारं बसल्यावर तो पेशीचा भाग झाला. फरक कुठे करायचा असं कुणी विचारलं तर मी तिथे करतो.

केंद्रक का आलं यावर मार्टिन आणि युजीन कूनिन यांची २००६ ची कल्पना मला फार आवडते. बॅक्टेरियाच्या डीएनएत स्वतःला कापून दुसरीकडे चिकटणारे उपद्रवी तुकडे असतात, ते पाहुण्याबरोबर आले आणि यजमानाच्या जनुकांमध्ये पसरले, आजचे इंट्रॉन, म्हणजे जनुकाच्या मधे येणारे आणि प्रथिन बनवण्याआधी कापून टाकावे लागणारे तुकडे, त्यातूनच झाले. ते आरएनएमधून, म्हणजे जनुकाच्या प्रतीतून, कापून काढायला वेळ लागतो, रायबोझोम मात्र झटपट वाचत सुटतं, कापायच्या आत वाचलं तर प्रथिन बिघडतं. म्हणून वाचण्याची जागा आणि कापण्याची जागा यांच्यात पडदा असणाऱ्या पेशी टिकल्या. थेट पुरावा नाही, पण केंद्रकाच्या पडद्याचं कारण याच्यापेक्षा नेमकं मला दुसरीकडे वाचायला मिळालेलं नाही.

एकदाच का झालं? खरं तर एक जीव दुसऱ्यात कायमचा मुक्कामाला जाणं अनेकदा झालंय. हरितलवक आला, मग कोट्यवधी वर्षांनी पॉलिनेला नावाच्या एका अमिबासदृश जीवाने पूर्ण स्वतंत्रपणे दुसरा सायनोबॅक्टेरिया आत घेतला, साधारण १० कोटी वर्षांपूर्वी. २०२४ मध्ये तर समुद्रातल्या ब्रारुडोस्फेरा या शैवालात नायट्रोजन स्थिर करणारा पाहुणा आता अवयवच झालाय असं दाखवलं गेलं, त्याला नायट्रोप्लास्ट म्हणतात. पण या सगळ्यांत यजमान आधीच केंद्रकवाला होता. यजमान साधा आर्किया आणि पाहुणा बॅक्टेरिया हे घडलेलं एकच उदाहरण आपल्यापर्यंत पोचलंय. निक लेन आणि मार्टिन यांचं २०१० पासून म्हणणं आहे की मायटोकाँड्रियामुळे प्रत्येक जनुकामागे मिळणारी ऊर्जा प्रचंड वाढली आणि त्याशिवाय गुंतागुंत परवडलीच नसती. मायकल लिंच आणि जॉर्जी मारिनोव्ह यांनी हिशेब मांडून त्याला हरकत घेतली, मोठ्या पेशीचा एकूण खर्चही तेवढाच वाढतो, वेगळी उडी दिसत नाही असं. मी इथे लिंच यांच्या बाजूला झुकतो. ऊर्जेचं एकच कारण पकडून सगळं त्यावर टांगणं मला घाईचं वाटतं. आणि एकदाच झालं असंही मी म्हणणार नाही, एकच टिकलं एवढंच म्हणता येतं. मधल्या पायऱ्यांवरचे कितीतरी प्रयोग नामशेष झाले असतील, आणि मऊ पेशी दगडात सहसा उरत नाहीत.

काळाचं विचाराल तर १६० कोटी वर्षांपूर्वी केंद्रकवाल्या पेशी होत्या याला दगडातला पुरावा आहे, आणि तो आपल्याच देशातला. चित्रकूटजवळच्या विंध्य खडकांमध्ये लाल शैवालासारखे दिसणारे जीवाश्म २०१७ मध्ये स्टीफन बेंग्टसन यांच्या गटाने प्रसिद्ध केले, धाग्यासारखे, आत पेशींच्या रांगा. एकाचं नाव राफताझ्मिया चित्रकूटेन्सिस, या खडकांतल्या जीवाश्मांवर काम केलेल्या रफत आझमी यांच्या नावावरून. लाल शैवाल असतीलच असं सगळे मानत नाहीत, पण केंद्रकवाले आहेत हे बऱ्याच जणांना पटतं. तेव्हा मायटोकाँड्रियाची घटना त्याच्याही आधीची, वातावरणात ऑक्सिजन वाढायला लागला त्या सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीच्या टप्प्यानंतर कधीतरी, असं धरून चालतात.

एक गाठ मला खरोखर त्रास देते ती पडद्याची. आर्कियाच्या पडद्यातले स्निग्ध पदार्थ ईथर बंधाचे, बॅक्टेरियाचे एस्टर बंधाचे, आणि यजमान आर्किया असूनही आपले सगळे पडदे बॅक्टेरियाच्या पद्धतीचे आहेत. राहत्या पेशीचा पडदा बदलला कसा? २०१८ मध्ये नेदरलँड्समध्ये ई. कोलायला आर्कियाचे स्निग्ध पदार्थ बनवायला लावले, मिश्र पडद्याची पेशी जिवंत राहिली आणि व्यवस्थित वाढली. म्हणजे मधली अवस्था मारक नव्हती. पण बदल का झाला हे त्यातून कळत नाही, आणि गिळण्याच्या गोष्टीत जसं याला उत्तर नाही तसं माझ्या पसंतीच्या गोष्टीतही नाही.

शेवटी, आज हे प्रयोगशाळेत घडवता येतं का असंही विचारतात. सुरुवात झाली आहे. झुरिकला ज्युलिया व्होरहोल्ट यांच्या गटाने २०२४ मध्ये रायझोपस बुरशीच्या पेशीत अतिशय बारीक सुईने बॅक्टेरिया टोचले, बुरशीच्या आतला दाब इतका असतो की त्यावर मात करायला सायकलचा पंप जोडावा लागला. ई. कोलाय टोचला तर तो आत भराभर वाढला आणि बुरशीने त्याला कोंडून टाकलं. मायसेटोहॅबिटन्स नावाचा, जो मुळातच याच बुरशीच्या दुसऱ्या वाणात राहायला सरावलेला आहे, तो मात्र टिकला आणि बुरशीच्या बीजाणूंमधून पुढच्या पिढीत गेला. सुरुवातीला असे बीजाणू फारच कमी रुजायचे, पण दर पिढीत बॅक्टेरियावाले रुजलेले बीजाणू निवडत गेल्यावर काही पिढ्यांतच रुजण्याचं प्रमाण सुधारलं, आणि यजमान बुरशीच्या डीएनएत बदल झालेले दिसले. पुढचा टप्पा म्हणजे हेच एखाद्या अस्गार्ड आर्कियात करून बघणं, पण जो जीव दुप्पट व्हायला आठवडे घेतो त्याच्यावर पिढ्यांचा प्रयोग लावायचा तर संशोधकाचं आयुष्य पुरणार नाही, तेव्हा आधी कुणीतरी भरभर वाढणारा अस्गार्ड शोधून काढायला हवा. पिरानचा ७ ते १४ दिवसांत दुप्पट होतो, तो प्रोमिथिओआर्कियमपेक्षा तरी वेगवान आहे.